मेन पाडलेलं घर

आमच्या घरातून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं म्हणजे एक सोहळाच असतो, आणि त्याचे यजमान माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. बाकीचे चपला सरकवून फाटकापाशी ताटकळत उभे राहतात आणि मामा आत एकटेच फिरत असतात. आधी गॅसची टाकी बंद. मग टीव्हीची पिन बाहेर, मग चार्जर, मग गिझर, मग मिक्सर. मिक्सर आम्ही वापरून झाला की फडताळात ठेवतो, तरी फडताळ उघडून ते त्याच्याकडे एकदा बघून घेतात. सगळ्यात शेवटी दारामागच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा. खट् असा आवाज होतो, पंखा रेंगाळत रेंगाळत थांबतो, आणि मामा तृप्त चेहऱ्याने बाहेर येऊन कुलूप लावतात. कुलूप ओढून बघतात. गाडीत बसायच्या आधी परत येऊन आणखी एकदा ओढून बघतात.

याला आमच्याकडे मेन पाडणं म्हणतात. अणदूरची शेती धाकट्या दिरांच्या हवाली करून मामा आमच्याकडे कळंबला राहायला आले, तेव्हापासून आम्ही घरात नसलो की घरात एक ठिणगीसुद्धा जिवंत नसते.

मी शाळेत शिकवते. माझा आवाज वर्गाच्या मापाचा आहे आणि घरी आल्यावर तो लहान होत नाही. एकदा नात्यातलं लग्न उरकून परतलो, तर स्वयंपाकघरभर पाणी, दूध नासलेलं, आणि मळून ठेवलेली कणीक अशी फुगलेली की तिचे डोसे झाले असते. मामांनी मेन पाडला होता. मी पदर खोचून पोतेरं मारता मारता विचारलं, "मामा, फ्रीज काय आपोआप पेट घेतो का?"

मामा शांतपणे म्हणाले, "सूनबाई, इस्तू अन् इज, दोगांलाबी लहान समजू न्हाय."

इस्तू म्हणजे विस्तव, इज म्हणजे वीज. त्यांच्या या वाक्यापुढे मला कधी बोलता आलं नाही, कारण त्यामागे काय आहे ते मला ठाऊक होतं. मामा ऐन तारुण्यात असताना गावात वीज आली. हौसेने त्यांनी गोठ्यात बल्ब लावला आणि एका दुपारी तो तसाच जळत ठेवून सगळे रानात गेले. वायर ठिणगली, छपरावरचा कडबा पेटला. गोठ्यात गाभण गाय बांधलेली होती. मामा एरवी फार बोलके, पण ही गोष्ट ते "गाय बांदल्याली हुती" इथवरच सांगतात आणि उठून जातात.

नवरा आमच्या भांडणात पडत नाही. त्याला दोघांचंही पटतं, म्हणजे दोघांच्याही उपयोगाचा नाही. शेवटी मीच तह केला. फ्रीजमध्ये काही असेल तर मेन चालू ठेवायचा, बाकी वाटेल तेवढ्या पिना उपटा. फ्रीज रिकामा असेल तर खुशाल मेन पाडा. हा तह मामांनी इमानेइतबारे पाळला. त्या इमानदारीनेच पुढे आमचा घात केला, पण त्याआधी पाण्याचं सांगायला हवं.

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते आठवड्याने, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. यायची वेळ पाण्याची पाण्यालाच माहीत. आमची गल्ली पार टोकाला असल्यामुळे मोटार लावल्याशिवाय नळातून नुसती हवा येते. नळाला मोटार लावू नये असा नियम आहे, आणि तो आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. म्हणून प्रत्येकाच्या मोटारीचं बटण घराबाहेर, ओट्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डबीत बसवलेलं. रिवाज असा की नळ आला की जो घरी असेल त्याने आधी "नळ आलाऽ" म्हणून ओरडायचं, आणि मग ज्या ज्या दाराला कुलूप दिसेल त्या घरची मोटार चालू करायची. भांडण असलं तरी. कोण कुणाशी बोलत नाही हे त्या वेळेपुरतं विसरायचं आणि पाणी भरून झालं की पुन्हा आठवायचं.

आमची मोटार चालू करायची ती शेजारच्या मावशींनी. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे त्यांचं घर. मुलगा ट्रकवर, त्यामुळे घरात त्या आणि त्यांची सून. मागच्या अंगाला पाच-सहा शेरडं बांधलेली. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरांचा मोठा कळप होता, आता ही शेरडं तेवढी उरली आहेत. या शेरडांचं आणि माझ्या कढीपत्त्याचं जुनं वैर. झाडाला जरा पालवी फुटली की भिंतीवर पाय देऊन ती शेंडा खुडणार आणि मी इकडून ओरडणार. मावशी तिकडून म्हणायच्या, "बाई, तुमच्या कडीपत्त्यानं आमच्या शेरडांच्या दुदाला वास यायलाय." वर हसायच्या. अशा बाईशी धड भांडताही येत नाही.

मामा आल्यापासून कुणीतरी कायम घरी असायचं, त्यामुळे मावशींना आमच्या डबीला हात लावायची वेळ आली नव्हती. आणि आम्ही सगळेच गावाला गेलेलो असताना नळ कधी आला नव्हता. पाडलेल्या मेनमुळे बाहेरचं बटणही मरतं, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

यंदा वैशाखात लेकीचा साखरपुडा ठरला. ती पुण्याला नोकरी करते. आम्ही मंगल कार्यालय बघायला लागलो तर म्हणाली, "आई, मी ज्या ओट्यावर वाढले तिथेच होऊ दे." मुलाकडच्यांनीही आनंदाने मान्य केलं. घरचं कार्य म्हणजे पाहुणे, पंगत, आचारी, खरकटी भांडी, आणि ऐन उन्हाळा. बोअर संक्रांतीनंतरच आटलेला. टँकरवाल्याला विचारलं तर म्हणाला, या गल्लीत माझी गाडी वळत नाही, आणि तसंही आठ दिवस नंबर नाही. सगळी भिस्त नळावर होती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पाण्याची पाळी होती, म्हणून मी निश्चिंत होते.

पाळीच्याही आदल्या दिवशी मामांनी अणदूरला जायचं ठरवलं. म्हणाले, "आदी देवाला सांगून यायचं." अणदूरचा खंडोबा आमचा कुलस्वामी. वर्षातले थोडे दिवस देव नळदुर्गला जातो, वैशाखात तो अणदूरलाच असतो, तेव्हा निमित्त काढायलाही जागा नव्हती. लेकीलाही जायचंच होतं. पहाटे आवराआवर झाली. कार्यासाठी म्हणून मी आदल्या संध्याकाळीच फ्रीज रिकामा करून पुसून ठेवला होता, दार उघडं टाकून. मामांनी आत डोकावून बघितलं आणि खुशीत म्हणाले, "आज तर फ्रीजबी रिकामा हाय." मी केसांत गजरा माळत होते. "हो हो, चला," म्हणाले. खट् असा आवाज ऐकल्याचंही मला आठवतं.

अणदूरला पोचलो, दर्शन झालं. तळी भरायला नवरा, मामा आणि भावकीतले तिघे बसले. "येळकोट येळकोट"चा गजर चालू असतानाच माझ्या पिशवीतला फोन वाजला. मावशींचा होता.

"बाई, नळ आलाय."

"आज?"

"व्हय, आजच सोडलंय. धारबी चांगलीय. पन तुमची मोटार चालू व्हईना. बटन दाबलं, नुसतं टक करतंय."

"लाईट गेली असेल मावशी."

"न्हाय ओ. आमची चालू हाय की."

मी मामांकडे बघितलं. कपाळभर भंडारा, हातात तळीचं ताट. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं असावं. ते ताट खाली ठेवत म्हणाले, "म्या मेन पाडलाय."

त्या गाभाऱ्याबाहेर लोक भंडारा उधळत होते. मी काय उधळणार होते ते खंडोबालाच माहीत. पाणी येतं ते फार तर तासभर. घर कळंबला, किल्ली माझ्या पिशवीत, आणि मध्ये तुळजापूर, धाराशिव ओलांडून जायचं. परवा दारात पंगत. मी फोनवर जवळजवळ किंचाळले, "मावशी, कुलूप फोडा. दगड घाला त्याच्यावर."

"कार्याच्या घरचं कुलूप फोडतेत व्हय कुनी?" मावशी म्हणाल्या. "बगते म्या. तुमी देवाचं उरका." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी कितीदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. नवऱ्याने आमची जुनी गाडी पळवता येईल तेवढी पळवली. लेक माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "आई, नाहीतर पुढे ढकलू. पाण्यासाठी कुणी लग्न मोडत नाही." ती समजूत घालत होती, पण तिचा आवाज पडलेला होता. पुढच्या सीटवर मामा हात जोडल्यासारखे मांडीत धरून बसले होते. नवऱ्याने तुळजापूरला चहाचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. बऱ्याच वेळाने ते मागे न वळता म्हणाले, "सूनबाई, मला बोल काय बोलायचं ते. अशी गप नको बसू."

राग मावत नव्हता, आणि त्या रागाच्या खाली ती गाभण गायही होती. "घरी जाऊन बोलते मामा, सावकाश," एवढंच म्हणाले.

फाटक उघडलं तर मावशी आमच्या ओट्यावर बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. भिंतीवरून एक लांबलचक वायर आमच्या अंगणात आली होती, तिला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला बोर्ड, आणि तो बोर्ड माझ्या कढीपत्त्याच्या फांदीला टांगलेला, ओल लागू नये म्हणून. आमच्या मोटारीची पिन त्यात खोचलेली होती.

"भरलंय बगा," मावशी म्हणाल्या. "हौदबी, वरची टाकीबी. तुमच्या भाईरच्या मोरीतलं ते निळं पिंपबी भरलंय. ह्या झाडाचा आज पैल्यांदा कायतरी उपेग झाला."

मी जिन्यावरून वर जाऊन टाकीचं झाकण उघडलं. पाणी काठाला लागलेलं, त्यात आभाळ दिसत होतं. खाली येऊन मी मावशींचे दोन्ही हात धरले आणि रडले. शाळेतल्या पोरांनी बघितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. मामांनी, त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या माणसाने, मावशींना हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं. "आबा, असं न्हाय करू. पाप लागतंय मला." मामांना सगळी गल्ली आबा म्हणते.

साखरपुडा झाला. आमच्याच दारात, मांडवाखाली, लेकीने म्हटलं होतं तसा. पाण्याची ददात म्हणून पडली नाही. आचाऱ्याने भांडी घासायला लागेल तेवढं पाणी घेतलं, पाहुण्यांनी पाय धुतले, मुलाची आत्या तर म्हणाली, "तुमच्याकडं पाण्याची चांगली सोय हाय ओ." मी हसून घेतलं. मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या, लेकीची ओटी भरली, आणि दोन घास खाऊन "शेरडांचं बगायचंय" म्हणून लगेच गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. त्या दिवशी मला कुणाकडेच नीट बघायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगल्यावर मी ओटा धूत होते. चांगला सढळ हाताने, बादलीवर बादली ओतून. तेवढ्यात फाटकावरून मावशींची सून गेली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, पदर ओला. हापसा दोन गल्ल्या सोडून आहे, आणि उन्हाळ्यात तो निम्मा हवाच टाकतो. मी विचारलं, "का गं, हापशाचं पाणी? तेरवा तर नळ आला होता."

ती कचरली. मग कळशी दुसऱ्या कमरेवर घेत म्हणाली, "आमचं कुटं भरलं ओ काकू. आमची डबी कवाच बिगडलीय, मोटार बोर्डावरच चालती, अन् बोर्ड एकच हाय घरात. आत्तीनं आमची पिन काडली अन् तुमची लावली. तुमचं पिंप भरलं अन् नळ गेला." आत्ती म्हणजे तिची सासू. मग घाबरून पुढे म्हणाली, "तुमी आत्तीला बोलू नका. त्या म्हनल्या, कार्याच्या घरी असलं सांगायचं नसतंय."

माझ्या हातातली बादली निम्मी रिकामी झाली होती. उरलेली मला ओतवेना. ओतलेलं पाणी ओट्यावरून गटाराकडे ओघळत चाललं होतं. मग तशीच ओल्या पायांनी मावशींच्या घरी गेले. त्या शेरडांपुढे पाण्याची पाटी ठेवत होत्या. पाटीत तळाशी बोटभर पाणी.

"मावशी, हे काय केलंत तुम्ही?" माझा आवाज पुन्हा वर्गाचा झाला होता.

त्यांनी बघितलं आणि सुनेचं काम ओळखलं. "तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय," म्हणाल्या. मग पाटी सारखी करत म्हणाल्या, "बाई, तुमच्या दारात पोरीचं कार्य. आमच्या शेरडांला काय, हापशाचं चालतंय. त्यांच्याकडं कुटं पाव्हनं यायचेत?"

मी तिथेच खाटेवर बसले. इतकी वर्षं मुलांना आभारप्रदर्शन लिहून देणारी मी, नुसती बसून राहिले. एक शेरडू येऊन माझा पदर चावायला लागलं, तो मी चावू दिला.

घरी येऊन मामांना सांगितलं. ते लगेच उठले. बागेचा पाइप काढला, एक टोक आमच्या हौदातल्या छोट्या पंपाला लावलं, दुसरं भिंतीवरून पलीकडे टाकलं. मावशी नको नको म्हणत होत्या. त्यांचं पिंप भरेपर्यंत मामा भिंतीशी पाइप धरून उभे राहिले. मग ओट्यावर येऊन टेकले. मी चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला.

"आमची आई रानात जाताना चूल इझवत न्हवती," ते एकदम म्हणाले. "इस्तू राखंत झाकून ठिवायची. म्या बारका आसताना इचारायचो, आये, घर पेटलं म्हंजी? तर म्हनायची, झाकलेला इस्तू घर जाळत न्हाय. अन् पार इझवला, तर शेजारनीला लागल्यावर तिनं कुटनं न्यायचा? दार नुसतं लोटलेलं आसायचं. बाया यायच्या, खापरीवर इस्तू घ्यायच्या, राख पुन्ना सारकी करून जायच्या."

चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "गाय गेल्यापसनं म्या झाकायचं इसरलो, सूनबाई. निस्तं इझवायचंच ध्यानात ऱ्हायलं."

मी सावकाश बोलेन म्हणून जे राखून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षरही मग बोलले नाही.

त्या आठवड्यात मामांनी स्वतः वायरमन बोलावला. त्याच्या मागे मागे फिरून घरातली जुनी वायर बदलून घेतली, अर्थिंग तपासून घेतलं, बाहेरच्या डबीला नवं झाकण बसवलं. इस्त्री, गिझर, टीव्ही यांच्या पिना ते अजूनही उपटतात, आणि त्याबद्दल माझी आता काही तक्रार नाही. वायरमन म्हणाला, "आबा, आता मेन पाडायची गरज न्हाय." मामा म्हणाले, "ते मला कळलंय. तू वायर बग."

लग्न मुलाकडे होतं, दिवाळीनंतर. आम्ही सगळेच दोन दिवसांसाठी निघालो. मावशींनाही न्यायचं होतं, पण त्यांची दोन शेरडं व्यायला आलेली, त्यामुळे त्या थांबल्या. निघताना मामांनी नेहमीसारखी फेरी मारली. गॅस, टीव्ही, गिझर, फडताळातला मिक्सर. मेनपाशी गेले. हात वर गेला, सवयीने. मी दारातून बघत होते. हात क्षणभर दांड्यावर राहिला आणि मग त्यांनी नुसती त्यावरची धूळ पुसली.

कुलूप लावलं, एकदाच ओढून बघितलं, आणि किल्ली घेऊन ते भिंतीपाशी गेले. मावशी पलीकडे शेरडांना पाला टाकत होत्या. मामांनी भिंतीवरून किल्ली पुढे केली.

"आबा, किल्ली कशाला? बटन हाय की भाईर."

"आसू दे. घर हाय, काय लागलं सवरलं तर उगडून घे."

मावशींनी हात पुसून किल्ली घेतली आणि कनवटीला खोचली. "जावा बिनघोर. नळ आला की आदी तुमची मोटार लावते."

"न्हाय," मामा म्हणाले. वावरात बैलांवर ओरडताना निघत असेल तसा त्यांचा आवाज निघाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आदी तुझी लावायची."